कुंपणाबाहेर गेलेल्या अमोनियाचा विमा : पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचे परीक्षण

तासगाव परिसरात बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्या आम्हा मंडळींकडे आगीचा विमा असतो, मशिनरी ब्रेकडाउनचा असतो, साठवलेल्या मालाचाही असतो. आपल्या आवारातून निसटलेल्या वायूने शेजाऱ्याच्या माणसांचे, जनावरांचे किंवा बागेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणारी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी मात्र फार थोड्यांनी घेतलेली असते. मी ती काही वर्षांपासून घेतो आहे आणि तिच्यावर एक दावाही पार पडला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. विमा कंपनीचे नाव देत नाही, कारण या पॉलिसीची मूळ कलमे बहुतेक कंपन्यांकडे जवळपास सारखीच, जुन्या टॅरिफच्या, म्हणजे सर्व कंपन्यांना एकच दरपत्रक असण्याच्या, काळापासून चालत आलेली आहेत आणि त्यांतले गुणदोष एकट्या कंपनीचे नाहीत. माझे मत आधीच नोंदवतो. पॉलिसी घ्यावीच, पण जोडकलमे न मागता घेतली तर ज्या धोक्यासाठी आपण ती घेतो नेमका तोच तिच्यातून वगळलेला असतो.

आमच्या धंद्यातला धोका कोणता, हे बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगायला हवे. बेदाण्याचा रंग काळवंडू नये म्हणून खोल्या साधारण चार-पाच अंशांवर ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी अमोनिया वापरला जातो. रिसीव्हरमध्ये, म्हणजे तो साठवणाऱ्या टाकीत, तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि मोकळ्या हवेत उणे ३३ अंशांनाच उकळतो. त्यामुळे व्हॉल्व्हची ग्लँड किंवा फ्लँजचे गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, फुटले की क्षणात पांढरे धुके तयार होते. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी हे गार धुके लगेच वर जात नाही. ते जमिनीलगत सरकत वाऱ्याबरोबर कुंपण ओलांडते. माणसाला वासानेच कळते आणि तो पळतो, पण द्राक्षाच्या वेलीला पळता येत नाही. पाण्याचा फवारा हा तातडीचा उपाय असतो, कारण अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो; मात्र विरघळलेले ते पाणी पुन्हा शेजाऱ्याच्या पाटात जाऊ नये, हीही आपलीच जबाबदारी असते.

कायद्याने ही जबाबदारी कशी ठरवली आहे, ते समजून घेतल्याशिवाय या पॉलिसीचे मोल कळत नाही. या विषयाचे मूळ इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात आहे. जॉन रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने आपल्या गिरणीसाठी पाण्याचा तलाव बांधून घेतला. काम ठेकेदारांनी केले आणि खाली जुन्या खाणींची बुजलेली तोंडे आहेत याची त्यांनी नीट दखल घेतली नाही. डिसेंबर १८६० मध्ये तलाव भरत असतानाच पाणी त्या तोंडांतून खाली उतरले आणि थॉमस फ्लेचर यांची कोळशाची खाण बुडाली. रायलँड्स यांचा स्वतःचा काही निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. तरीही १८६६ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निर्णय दिला की, निसटल्यास उपद्रव करील अशी वस्तू जो आपल्या कामासाठी आपल्या जमिनीवर आणून साठवतो, त्याने ती आपल्या जोखमीवर ठेवावी आणि निसटली तर होणारे स्वाभाविक नुकसान भरून द्यावे. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निर्णय कायम ठेवला आणि लॉर्ड केर्न्स यांनी त्याला जमिनीच्या अनैसर्गिक वापराची अट जोडली. दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य, नुकसान झालेल्याची संमती किंवा त्याचीच चूक, आणि कायद्याने दिलेला अधिकार असे काही बचाव मात्र शिल्लक राहिले.

हे तत्त्व भारतात जसेच्या तसे उतरले नाही, आणि त्यामागे कारण होते. १८७४ मध्ये मद्रास रेल्वे कंपनी आणि कार्वेटनगरचे जमीनदार यांच्यातला वाद प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, गेला. तळी फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. या देशातली शेती पुरातन काळापासून तळ्यांवर जगते, ती तळी राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, म्हणून निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे तेथे ठरले. दुष्काळी भागात राहणाऱ्याला हा निर्णय चटकन पटतो. सिंचनाचे पाणी साठवणे हा इथल्या जमिनीचा अनैसर्गिक वापर कसा म्हणता येईल? अमोनियाची टाकी मात्र त्या तळ्यांच्या रांगेत बसत नाही, आणि आमच्या व्यवसायातल्या काही मित्रांचा ‘आम्ही शेतकऱ्यांचाच माल ठेवतो’ हा युक्तिवाद न्यायालयात टिकेल असे मला वाटत नाही.

पुढचा टप्पा दिल्लीतला आहे. भोपाळच्या वायुकांडाला जेमतेम वर्ष झाले असताना, ४ डिसेंबर १९८५ रोजी, श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये जो निर्णय दिला, त्याने रायलँड्सचे सगळे बचाव बाजूला ठेवले. धोकादायक स्वरूपाचा उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते. आपण पूर्ण काळजी घेतली होती, वादळ आले, तिसऱ्याच कोणी व्हॉल्व्ह उघडला, असे काहीही सांगून त्याला सुटता येत नाही. आणि उद्योग जितका मोठा व समर्थ, तितकी भरपाई मोठी. हे वाचल्यावर कोणत्याही कोल्ड स्टोरेजवाल्याने आपला रिसीव्हर कुठे आहे आणि कुंपण कुठे आहे, ते एकदा जाऊन पाहावे.

आता प्रत्यक्ष उत्पादनाकडे येतो. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या पॉलिसी मिळतात आणि विमा प्रतिनिधी त्यांची सर्रास सरमिसळ करतात. पहिली १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची, बोलीभाषेत ‘ॲक्ट पॉलिसी’. हा कायदा भोपाळनंतर झाला. अधिसूचित घातक पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्याला ती सक्तीची आहे. तिच्यात दोष सिद्ध करावा लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत करायचा आणि त्यांनी तो तीन महिन्यांत निकाली काढावा, अशी तरतूद आहे. हप्त्याइतकीच आणखी रक्कम पर्यावरण मदत निधीत जाते. कल्पना उत्तम, पण मूळ परिशिष्टातल्या रकमा वाचून वाईट वाटते. मृत्यूला २५,००० रुपये, औषधोपचाराला जास्तीत जास्त १२,५०० आणि मालमत्तेच्या नुकसानीला ६,००० रुपये. सहा हजारांत द्राक्षबागेच्या एका ओळीचा मांडवही धडपणे उभा राहत नाही. ही तातडीची मदत आहे, पूर्ण भरपाई नव्हे, आणि उरलेल्या भरपाईसाठी दाद मागण्याचा हक्क कायद्याने राखून ठेवला आहे, हे शेजाऱ्यालाही माहीत असायला हवे. कारखान्यातले कामगार या मदतीच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळा विमा लागतो.

आमच्यासारख्या मध्यम कोल्ड स्टोरेजचा साठा त्या प्रमाणाच्या खाली राहतो, म्हणून आम्हांला दुसरी, ऐच्छिक पॉलिसी घ्यावी लागते. तिला कंपन्या ‘पब्लिक लायबिलिटी, इंडस्ट्रियल रिस्क’ म्हणतात. हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे. त्रयस्थाला झालेली इजा किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान याबद्दल जी भरपाई देण्यास आपण कायद्याने बांधील ठरू ती रक्कम, आणि कंपनीच्या संमतीने केलेला न्यायालयीन खर्च, ती देते. मर्यादा दोन असतात, एका अपघाताची आणि संपूर्ण वर्षाची, आणि त्यांचे परस्परप्रमाण आपण निवडायचे असते. सुरुवातीची काही रक्कम मात्र आपल्याच खिशातून जाते.

ही पॉलिसी जशी छापील येते तशी घेऊ नये. मूळ पॉलिसीत प्रदूषण वगळलेले असते. अमोनिया हवेत पसरणे हे प्रदूषणच आहे, असे म्हणून दावा नाकारता येतो, म्हणून ‘अचानक व अपघाती प्रदूषण’ हे जोडकलम जादा हप्ता भरून घ्यावेच लागते. आमच्या प्रतिनिधीने पहिल्या वर्षी ते सुचवलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी मी वगळणुकींचे पान शांतपणे वाचले तेव्हा ते लक्षात आले. पूर, वादळ, भूकंप यांसाठीही स्वतंत्र जोडकलम आहे, आणि इथे कायदा व पॉलिसी एकमेकांच्या बरोबर उलट दिशेने चालतात. मेहता खटल्यानंतर दैवी आपत्तीचा बचाव आपल्याला उरलेला नाही, पण छापील पॉलिसी त्याच दैवी आपत्तीचे कारण सांगून हात वर करते. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावे दिवसेंदिवस पाण्यात होती. त्या पाण्याने एखाद्याची अमोनियाची लाइन तुटली असती, तर न्यायालयात तो मालक जबाबदार ठरण्याची शक्यता होती आणि विमा कंपनी मात्र मोकळी राहिली असती. सांगली-कोल्हापूर भागात हे जोडकलम न घेणे मला तरी समजत नाही.

आमच्याकडची घटना मे महिन्यातली. सीझनचा माल भरलेला होता, कॉम्प्रेसर पूर्ण भारावर चालू होते आणि लिक्विड लाइनवरच्या एका नव्या व्हॉल्व्हचे गॅस्केट फुटले. ऑपरेटरने मास्क लावून लाइन बंद केली, फवारे सुरू केले, कोणाला इजा झाली नाही. वारा पूर्वेच्या दिशेने वाहत होता आणि त्या बाजूला शेजारच्या अण्णांची बाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलींवर कोवळी फूट आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणालगतच्या ओळींची पाने कडेने तपकिरी, मग काळपट पडलेली दिसली, आणि शेंडे उन्हात करपल्यासारखे वाळले. अण्णांनी विचारलेला प्रश्न सरळ होता : “वारं तुमच्याकडनं आलं, त्यात आमच्या बागंचा काय दोष? भरून देणार का न्हाई, तेवढं सांगा.”

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असे होते, आणि पॉलिसीची एक अट नेमके तेच उच्चारू देत नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, कसलेही आश्वासन द्यायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. शहरातल्या कारखान्याला ती अट जाचत नसेल. गावात मात्र ज्याच्या बांधाला बांध लागून आहे, ज्याचा बेदाणा आपल्याच खोलीत ठेवलेला आहे, त्याच्यासमोर गप्प बसणे म्हणजे जबाबदारी नाकारल्यासारखेच दिसते. आम्ही अण्णांना सांगितले की घटना कंपनीला लेखी कळवली आहे, नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर येतो आहे, तुम्ही आजच्या आज तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या आणि एकही पान तोडू नका. हे सगळे खरे होते आणि त्यांच्या हिताचेही होते. तरीही या अटीत तातडीच्या खर्चाला, म्हणजे औषधफवारणीला आणि मजुरीला, जबाबदारी मान्य न करता एक छोटी रक्कम लगेच देण्याची मोकळीक असायला हवी. शेजारधर्म आणि विमा यांची अशी ओढाताण टाळणे कंपन्यांना अवघड नाही.

सर्व्हेअर वेळेवर आले, नम्रपणे वागले, मोजमाप चोख केले. अडचण त्यांच्या अहवालाच्या दिशेत होती. व्हॉल्व्ह नवा, देखभालीची नोंदवही पूर्ण, सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीचे दाखले जागेवर. म्हणून मालकाचा निष्काळजीपणा नाही, म्हणून कायदेशीर जबाबदारी नाही, म्हणून दावा देय नाही, असा त्यांचा प्राथमिक सूर होता. म्हणजे आम्ही घेतलेल्या काळजीचे कागद अण्णांच्या विरोधात वापरले जाणार होते. आमच्या वकिलांनी दीड पानाचे पत्र लिहिले आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा खर्च त्या पत्राचा होता. पॉलिसीत ‘कायद्याने देय असलेली भरपाई’ असे शब्द आहेत. ‘निष्काळजीपणामुळे देय’ असे कुठेही नाही. शेजाऱ्याच्या जमिनीत निसटलेल्या धोकादायक वस्तूची जबाबदारी रायलँड्सपासून दोषावर अवलंबून नाही, मेहता खटल्याने ती आणखी कडक केली आहे, आणि पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातल्या कलम १७ नुसार अपघाताच्या बाबतीत दोषाचा प्रश्नच विचारात घ्यायचा नसतो. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. शेजारी तिथे गेला तर विमा कंपनीने आपली बाजू कशी मांडायची, असा शेवटी प्रश्न होता. त्यानंतर पत्रव्यवहाराचा सूर बदलला. दाव्याच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला हा कायदा मुळात माहीत असावा, ही अपेक्षा मी जास्त मानत नाही, आणि या सेवेतली सर्वांत मोठी उणीव मी हीच धरतो.

दुसरा गुंता द्राक्षशेती जाणणाऱ्यालाच कळेल असा होता. खरड छाटणीनंतरच्या काही आठवड्यांत काडीतल्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. त्या काळात पाने जळाली तर पाने पुन्हा येतात, सबकेन म्हणजे उपकाडीही फुटते, पण घड किती बसले ते ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरच दिसते. सर्व्हेअरने मे महिन्यात मोजले ते पानांचे नुकसान. खरे नुकसान पुढे दिसणार होते आणि तोवर पॉलिसीचे वर्ष संपणार होते. ही पॉलिसी दावा ज्या मुदतीत दाखल होतो त्या मुदतीवर चालते, अपघाताच्या तारखेवर नव्हे. यावर उपाय पॉलिसीतच आहे : घटना मुदतीत लेखी कळवली असेल, तर तिच्यातून नंतर उद्भवलेला दावा त्याच मुदतीतला धरला जातो. म्हणून किरकोळ वाटणारी गळतीसुद्धा त्याच दिवशी ईमेलने कळवावी, आणि पॉलिसीचे नूतनीकरण एक दिवसही खंडित होऊ देऊ नये, नाहीतर मागील तारखेपासूनचे संरक्षण तुटते. अण्णांनी छाटणीआधी कुंपणालगतच्या आणि लांबच्या ओळींतल्या काड्या वेगवेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. दोन्हींच्या घडसंख्येतला फरक हाच पुढे निर्णायक पुरावा ठरला.

दावा मंजूर झाला, मात्र पुढचा हंगाम अर्धा उलटल्यावर. औषधे, मजुरी आणि घटलेल्या घडांचे मूल्य मिळाले. अण्णांनी सांगितलेला बाजारभाव कंपनीने पूर्ण धरला नाही आणि मधली तफावत व सुरुवातीची वजावट आम्ही भरली. आमचा वार्षिक हप्ता जोडकलमांसह आगीच्या विम्याच्या हप्त्याच्या तुलनेत किरकोळ आहे, त्यामुळे मोलभावाबद्दल माझी तक्रार नाही. मर्यादा निवडताना मात्र हात आखडता घेऊ नये. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला स्टायरीनची गळती झाली तेव्हा हरित न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये अंतरिम भरायला सांगितले होते. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत आजूबाजूच्या इमारतींच्या काचा दूरवर फुटल्या. कोल्ड स्टोरेजचा आवाका तेवढा नसतो हे खरे, पण वस्ती आता आमच्याही भिंतीपर्यंत आली आहे आणि हप्त्यातला फरक मर्यादेच्या प्रमाणात वाढत नाही.

या पॉलिसीकडून जे मिळणारच नाही तेही सांगतो. हळूहळू झिरपणारे प्रदूषण कोणत्याही जोडकलमात बसत नाही. राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी आणि जमिनी नासल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरपवाद जबाबदारीचे तत्त्व तिथे लागू केले आणि शुद्धीकरणाचा खर्चही प्रदूषण करणाऱ्यांवर टाकला. असा खर्च उचलणारा विमा सहज मिळत नाही. कंडेन्सरचे किंवा कॉम्प्रेसरच्या तेलाचे पाणी वर्षानुवर्षे शेजारच्या ओढ्यात सोडणाऱ्याने या पॉलिसीवर विसंबू नये. दंड, जाणूनबुजून केलेला नियमभंग आणि आपल्या ताब्यातला दुसऱ्याचा माल, म्हणजे खोलीतला शेतकऱ्यांचा बेदाणा, हेही तिच्याबाहेर असते. त्या मालाचा विमा वेगळा काढावा.

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे जोडकलम यंदा मी मागितले आहे. कंपनीने त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची प्रत, पाण्याचा तपासणी अहवाल आणि निचऱ्याचा नकाशा मागवला आहे, आणि ही मागणी मला रास्त वाटते. नकाशात अण्णांचा पाट दाखवला आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला फवाऱ्याचे पाणी अडवणारा खड्डा आम्ही पावसाळ्यापूर्वी बांधून घेत आहोत.